कोरडा माळा

लढाई संपली, पलटणीतून सुटलो आणि सांगलीत नदीजवळचं एक जुनं, दोन खोल्यांचं घर आमच्या ऐपतीत बसलं. मालकीण म्हातारी होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. घर दाखवताना बैलाला थोपटावं तशी ती एकेक भिंत थोपटत होती. एका भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, माझ्या छातीएवढी उंच. वाटलं, ती रेघ लपवायला म्हातारी आता तिच्यापुढं उभी राहील. तिनं उलट तिथंच हात टेकवला.

"पानी इथवर येतं. माळा कोरडा ऱ्हातो. पूर आला की समदी गल्ली आमच्या माळ्यावर जेवती. घर घेतलं की ती गल्ली बी तुमची. कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई."

मी विचारात पडलो. तोवर बायको शिडी चढून माळ्यावर गेली होती. तिथनंच आनंदानं ओरडली, "आवं, हितं दोन चुली बसत्यात!"