प्लायआड गेलेला पाइप

स्वयंपाकघरातला गॅसचा मीटर बायकोच्या डोळ्यांत खुपत होता. शेवटी गॅस कंपनीच्या माणसांकडून तो ड्राय बाल्कनीत हलवून घेतला आणि भिंतीवरचा पाइप सुताराकडून प्लायनं झाकून टाकला. हवेपुरती जाळी तेवढी ठेवली. शेजारीपाजारी बघून वा वा म्हणाले. माझा मात्र जीव टांगणीला लागला. चाकणच्या कंपनीत पेंट शॉपमध्ये इतकी वर्षं काढलीत, की मला कसलाच वास येत नाही. पाइप उघडा होता तेव्हा मी जोडांवर साबणाचा फेस लावायचो. बुडबुडे आले नाहीत, की निश्चिंत. आता बघू काय, कपाळ?

म्हणून रोज सकाळी शिफ्टला निघताना बायकोलाच विचारायचो, "वास येतोय का गं?"

"नाही हो. निघा तुम्ही."

तेवढ्या शब्दावर मी निवांत कंपनीच्या बसमध्ये बसायचो.

काल विचारलं, तर ती नाक पुसत वैतागली. "रोज काय तेच तेच! आठवडाभर सर्दीनं नाक चोंदलंय माझं. मला कुठला वास येतोय?"

म्हणजे आठवडाभर ते "नाही" चोंदलेल्या नाकाचं होतं.

मी डबा ओट्यावर ठेवला आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागलो.