येऊन राहिलो

मी लष्करात शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांची, कॅप्टन होते. शेवटचं पोस्टिंग नागपूर. घर पुण्यात, शाळा इंग्रजी माध्यमाची. इथली बोली मला नवी होती.

त्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या एका वस्तीत पाणी शिरलं. ०५:४० ला आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाला. ०८:३० पर्यंत दोन बोटींनी वस्ती रिकामी केली. एक घर उरलं. स्लॅबवर शेवंताबाई आणि तिच्या दोन नाती.

"बुढा येऊन राहिला. त्याच्याबिगर म्या नाही येत."

बुढा म्हणजे तिचा नवरा. बैल सोडायला गेलेला. मला वाटलं, तो येऊन थांबलाय.

"मग त्यांनाही बोलवा. कुठे आहेत?"

"काहून वं, तुले दिसून राहिला का कुठी?"

नाती हसल्या. माझ्याबरोबरचे हवालदार गावंडे हसले नाहीत. ते अकोल्याकडचे.

"मॅडम, येऊन राहिला म्हणजे अजून वाटेवर आहे."

पाणी किती चढलंय, अजून किती चढेल, मी तिला सगळं सांगितलं. सगळं खरं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, आणि नाती तिला सोडत नव्हत्या.

गावंडे खाली बसले. बूट काढून बाजूला ठेवले.

"मावशी, पोरीईले घेऊन तुमी जा. मी बसतो इथं. बुढा आला का त्याले घेऊन येतो."

"अन् नाही आला तं?"

"तं मीबी नाही येत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. शेवंताबाई उठली आणि नातींना घेऊन बोटीत बसली. त्यांच्यासोबत मीही निघाले.

०९:३५ ला रेडिओवर गावंडे. "बुढा आला. ओव्हर."

"दुसरी बोट पोचतेय. आधी त्यांना बसवा. ओव्हर."

०९:५०. "बुढा बसला बोटीत. ओव्हर."

"तुम्ही?"

"येऊन राहिलो, मॅडम."

त्याच मिनिटाला भिंत खचली आणि स्लॅब खाली गेला. बोट वाचली. हवालदार गावंडे दुसऱ्या दिवशी सापडले. अनवाणी.

लष्करातली मुदत संपली; आता मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामात ट्रकचं वेळापत्रक बघते. एक प्रश्न मात्र सुटत नव्हता. माझं खरं जिला पटलं नाही, ती गावंडेंच्या दोन-चार वाक्यांवर कशी उठली? मागच्या महिन्यात शेवंताबाईकडे जाऊन विचारलं. बुढा दारात बसला होता.

"जाणारा मानूस बूट कायले काढन वं?" ती म्हणाली.

गोदामात रोज कोणी ना कोणी ड्रायव्हर फोनवर म्हणतो, "येऊन राहिलो." कुठवर आलात, असं मी विचारत नाही. गेट उघडं ठेवते.