नजात म्हण की तारण

मी फौजेच्या इंजिनिअर्समध्ये होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो, आता पोखर्णीला शेती बघतो. गावातले लोक विचारतात, फौजेत रिकाम्या वेळी काय बोलायचात? त्यांना वाटतं शत्रूविषयी. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं ते देवाविषयी.

त्याला कारण दोघं. नायक रशीद सेलूचा. त्याच्या वडिलांचं कापूस पिंजून गाद्या भरायचं दुकान होतं. लान्स नायक शमुवेल परभणी शहरातला, ख्रिस्ती. त्याचे वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मी लिंगायत, पोखर्णीचा. एका सेक्शनमध्ये परभणी जिल्ह्यातले तिघं असणं नवलाचंच होतं.

तेव्हा आम्ही सीमेपासून लांब, पीस पोस्टिंगवर होतो. सकाळी पीटी, मग ब्रिजिंगचा म्हणजे पूल बांधायचा सराव, दुपारनंतर वर्किंग पार्टी, म्हणजे युनिटमधली पडेल ती कामं. युनिटचं सर्वधर्म स्थळ होतं. एकाच छताखाली मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च. तिथली फरशी बसवायचं काम आमच्याकडे आलं आणि वादाला तोंड फुटलं.

रशीदनं सरळ विचारलं, तुमचे देव किती? शमुवेल म्हणाला, एकच. मग बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा? शमुवेल म्हणाला, तिघं मिळून एकच देव. रशीदनं फरशीची पातळी बघायची लेव्हल खाली ठेवली आणि म्हणाला की हे गणित त्याच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. शमुवेल म्हणाला, गणितात मावला तर तो देव कसला? जग नव्हतं तेव्हाही देवात प्रेम होतं, आणि प्रेमाला एकटेपण चालत नाही.

रशीदचं म्हणणं साधं होतं. अल्लाह एक. तो कुणाच्या पोटी जन्मला नाही, त्याच्या पोटी कुणी जन्मलं नाही. येशूचं नाव तो हजरत ईसा असं अदबीनं घ्यायचा, मरियमचंही तसंच. ईसा मोठे पैगंबर, पण देवाचा मुलगा नाही. ते सुळावर मेलेही नाहीत, अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं. मला हे नवीन होतं. मुसलमान माणूस येशूला मानतो हेच मला माहीत नव्हतं. शमुवेलला माहीत होतं, आणि त्याची अडचण तिथंच होती. तो म्हणायचा, "इज्जत लय देतो, पण ओळखत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गाडी मुक्तीवर आली. रशीद तिला नजात म्हणायचा, शमुवेल तारण. रशीदनं सांगितलं, आदम चुकला, त्यानं माफी मागितली, अल्लाहनं दिली, विषय संपला. मूल जन्मतं ते स्वच्छ. एकाचं ओझं दुसरा उचलत नाही. इमान ठेवायचं, नमाज, रोजे, दानाची जकात सांभाळायची, भलं वागायचं. आणि एवढं करूनही आपल्या कर्माच्या जोरावर कुणी जन्नतमध्ये जात नाही, शेवटी अल्लाहची रहमत, त्याची दया लागते. शमुवेल म्हणाला, आमचं उलट आहे. माणसाच्या मुळातच बिघाड आहे, तो स्वतःला धुऊ शकत नाही. म्हणून देव स्वतः माणूस होऊन आला आणि आपली शिक्षा त्यानं क्रुसावर घेतली. तारण कमवायचं नसतं, विश्वासानं घ्यायचं असतं. भलं वागणं त्याच्या मागून येतं.

"गुन्हा एकाचा, सजा दुसऱ्याला. ह्यो कुठला इन्साफ?" रशीद म्हणाला.

"इन्साफ न्हाईच त्यो. प्रेम हाय."

मग दोघं माझ्याकडे बघायचे, जसा मी जज्ज. मी म्हणायचो, फरशी तिरपी चाललीय, ती बघा. सुभेदार साहेब एकदा मागे उभे राहून सगळं ऐकत होते. जाताना मला एवढंच म्हणाले, "इनको रोकना मत. काम दुगना हो रहा है." खरं होतं. वाद घालताना दोघं चहाची सुटीसुद्धा विसरायचे.

पावसाळ्यात पुराच्या ड्युटीचा हुकूम आला. जिल्हा परभणी. आमची तुकडी, म्हणजे कॉलम, पूर्णा तालुक्यात उतरला. आपल्याच मुलखात बोट चालवायची वेळ येईल असं कधी मनात आलं नव्हतं. चुडावा गावाच्या पलीकडे पाण्यानं वेढलेली एक वस्ती होती. पहिल्या फेऱ्या सुरळीत झाल्या. शेवटच्या फेरीत एक बाळंतीण, तिचं तान्हं, तिची सासू आणि तीन शेतकरी होते. मी बोट कमांडर, शमुवेल इंजिनवर, रशीद पुढे बांबू घेऊन.

मध्यावर इंजिन गचका देऊन बंद पडलं. पाण्याखाली शेत होतं आणि ठिबकच्या नळ्यांचा गुंता पंख्यात अडकला होता. बोट आडवी झाली आणि धारेकडे सरकू लागली. खाली रेल्वेचा पूल होता. त्याच्या खांबावर आदळलो असतो तर बोट उलटली असती.

वायरलेस सेट बोलला, "अल्फा टू, पोझिशन? ओव्हर."

"अल्फा टू. इंजिन बंद. पुलाकडे वाहत आहोत. ओव्हर."

"दुसरी बोट निकल रही है. होल्ड करो. आउट."

दुसरी बोट वेळेत पोहोचणार नव्हती. एका बाभळीचा शेंडा पाण्यावर होता. त्याला मी मागचा दोर टाकला, शेतकऱ्यांनी काट्यांची पर्वा न करता फांदी धरली. बोट थांबली, पण फांदी कडकडायला लागली. गुंत्याच्या ओझ्यानं इंजिन वर उचलता येईना. वरून हात पोहोचत नव्हता. शमुवेलनं कमरेला लाइफलाइन बांधली, दुसरं टोक रशीदकडे दिलं आणि चाकू घेऊन उतरला. मी हुकूम द्यायच्या आत.

त्यानं नळ्या कापल्या. शेवटची कापताना धारेनं त्याला बोटीखाली ओढलं. वर फक्त दोर दिसत होता. रशीदनं तो मनगटाला गुंडाळला, पाय बोटीच्या कडेला लावले आणि ओढत राहिला. त्याच्या हाताची साल निघाली. शमुवेलचं डोकं वर आलं, तेव्हा बाळंतिणीच्या सासूनं त्याची कॉलर धरली आणि आम्ही तिघांनी त्याला आत घेतलं. इंजिन सुरू झालं.

पाणी ओकून झाल्यावर शमुवेलचं पहिलं बोलणं असं होतं की, "बघ रशीद. मी खाली नुसता लटकलो होतो. ओढलं तू. ह्यालाच कृपा म्हणायलोय मी."

रशीद हाताला रुमाल बांधत होता. "आधी नळ्या कुणी कापल्या? दोर कुणी बांधला? अमल तुझाच होता, करणी तुझी. मी फक्त रहमत केली."

सासू दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. म्हणाली, "भाऊ भाऊ हायत का तुमी? मरणातून आलात अन् लगेच भांडायलात." बाळंतीण हसायला लागली. काठावर येईपर्यंत सगळी बोट हसत होती.

पुढे युनिट उत्तरेकडे गेलं. तिथं डोंगरात पूल बांधताना दरड आली. शमुवेल खालच्या बाजूला होता. त्यानं दोन जवानांना बाजूला ढकललं. त्याला स्वतःला वेळ मिळाला नाही. परभणीला पार्थिव आणलं तेव्हा मी आणि रशीद सोबत होतो. कबरीत पहिली माती घरच्यांनी टाकली, नंतर रशीदनं.

दरवर्षी शमुवेल गेला त्या तारखेला आम्ही कबरस्तानात जातो. शमुवेलची बायको मार्था शिक्षिका आहे. ती डबा आणते, आम्ही झाडाखाली बसून खातो. एका वर्षी तिनं रशीदला विचारलं, "भाईजान, खरं सांगा. तुमच्या हिशोबानं ते कुठं असतील?"

मला वाटलं, रशीद गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. त्यानं तसं केलं नाही.

"भाभी, माझा अकीदा, माझा विश्वास तुमाला माहीत हाय. त्यो मी बदलणार न्हाई, त्यानंबी बदलला न्हाई. पण फैसला माझ्या हातात न्हाई. अल्लाहची रहमत माझ्या अकलेत मावत न्हाई, एवढंच मला पक्कं ठावं हाय."

मार्थानं मान हलवली. मग ती हसली. म्हणाली, "ते घरी काय म्हणायचे सांगू? रशीद मला स्वर्गात भेटला, तर पहिल्यांदा विचारील, तू इथं कसा काय?"

रशीदनं घास खाली ठेवला. "वाजवी हाय," तो म्हणाला. "अन् त्यो मलाबी तेच विचारील."

तिघंही हसलो. इतकं, की कबरस्तानाचा राखणदार उठून बघायला आला. त्याला वाटलं असेल, ही कसली माणसं. मग आम्ही हात धुतले, कबरीवरचा पाला काढला, आणि मी आणि रशीद सावधान उभे राहिलो. लान्स नायक शमुवेलला सॅल्यूट केला.