छपरावरून घातलेली मागणी

हाल्वरनं तोर्डिसला लग्नाची मागणी घातली ती म्हणे तिच्याच घराच्या आढ्यावर चढून. ‘हो म्हण, नाहीतर उडी टाकतो!’ अशी धमकी देऊन. आमच्या दरीत ही बातमी आधी कुजबुजत पसरली, मग मोठ्यानं. पोस्टापासून चर्चच्या पायरीपर्यंत ज्याला मिळाली त्यानं आपापलं तिखटमीठ लावून पुढे ढकलली. कुणी म्हणे तो रडत होता. कुणी म्हणे त्याच्या मिठीत दुसरीच एक बाई होती.

हाल्वर होता छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे तिकोनी लाकडी सांगाडे, बनवणाऱ्या कारखान्यात, दाबयंत्रावर. लाकडं टेबलावर आडवी मांडायची, सांध्यांवर दातेरी लोखंडी पट्ट्या ठेवायच्या, यंत्रानं दाबून दात लाकडात घुसवायचे, झाली कैची. आमच्या तेलेमार्क प्रांतातल्या निम्म्या घरांची छपरं त्याच्या हाताखालून गेलेली, पण सगळी आडवी. उभी झालेली कैची त्यानं पाहिली ती नेहमी रस्त्यावरून, मान वर करून. कारण गडी उंचीला भ्यायचा. घरातला दिवा गेला तर हा आठवडाभर अंधारात जेवायचा, पण स्टुलावर चढायचा नाही. बढाया मात्र अशा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा जन्मलाच आढ्यावर.

तोर्डिस विधवा, आणि दात कोरून पोट भरण्यात अख्ख्या दरीत पहिली. हाल्वर दर गुरुवारी तिच्याकडे कॉफीला जायचा. खायला काय हवं ते स्वतःच घेऊन जायचा. लग्नाचं विचारायचं त्याच्या मनात कधीपासून होतं, पण दर वेळी तोंडात घास असायचा.

त्या उन्हाळ्यात तोर्डिसनं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं आणि स्वतः अंगणातल्या कोठारात राहायला गेली. कैच्या अर्थातच हाल्वरच्या कारखान्यातून आल्या. शनिवारी सकाळी क्रेन आली आणि दुपारपर्यंत छपराचा सांगाडा उभा राहिला. आता आमच्याकडची रीत अशी की छप्पर उभं राहिलं की मालकानं सुतारांना जेवू घालायचं, बियर पाजायची, आणि सुतारांनी आढ्यावर हिरव्या डहाळ्यांचं कडं बांधायचं. मालक चिक्कू निघाला, तर कड्याच्या जागी पेंढ्याचा माणूस टांगायचा. तो एकदा टांगला की घर पडेल, पण नाव पुसलं जाणार नाही.

मुख्य सुतार स्टेनार हात पुसत आला. “मग तोर्डिस, चुलीवर काय चढवलंयस?”

“कॉफी.”

“आणि कॉफीबरोबर?”

“कप.”

“अगं, छप्पर उभं राहिलं तुझं!”

“तुम्ही उभं केलंत? लॉरीनं आणलं, क्रेननं उचललं. माझ्या बापाच्या वेळी सुतार पंधरा-पंधरा दिवस वासे तासायचे, तेव्हा कुठे ताटावर बसायचे. जेवायला घालायचंच तर क्रेनला घालते.”

“मग कौलंही क्रेनच चढवील हो!” असं म्हणून स्टेनार गेला तो थेट शेजारच्या गोठ्यात, पेंढा मागायला.

संध्याकाळी आढ्यावर पेंढ्याची बाई बसली होती. कमरेला एप्रन, हातात बटवा, आणि बटव्याच्या तोंडाला सात गाठी. तोर्डिसनं मान वर करून बराच वेळ तिच्याकडे बघितलं. हाल्वर शेजारी उभा होता.

“उद्या सगळं गाव याच रस्त्यानं चर्चला जाणार,” ती हळूच म्हणाली. “विकून टाकते हे घर. जाते बर्गनला, बहिणीकडे. तिथं रोज पाऊस, मान वर करून कुणी बघत नाही.”

हाल्वरला प्रश्न पडला, बर्गनला गुरुवारी कॉफीला कसं जाणार? एक उपाय सोपा होता, सुतारांना आपणच जेवण द्यावं. पण बियरचा भाव आठवला आणि त्यापेक्षा मरण स्वस्त वाटलं. त्यानं ठरवलं, चढायचं.

रविवारी गाव उठायच्या आत त्यानं शिडी लावली आणि डोळे मिटून चढला. आढ्यावर पोचला, बाईला मिठी मारली, ओढून सोडवली, आणि त्या झटापटीत त्याच्या बुटाची लाथ बसून शिडी धाडकन खाली गेली. त्यानं डोळे उघडले. खाली घर नव्हतंच. नुसत्या कैच्या, आणि त्यांच्या फटींतून थेट स्वयंपाकघराची जमीन. त्याची पाचावर धारण बसली. एका हातानं बाईला आणि दुसऱ्या हातानं कैचीला कवटाळून तो देवाचं नाव घेऊ लागला. पण नाकासमोर ती दातेरी पट्टी दिसली आणि देव बाजूलाच राहिला. ही आपण नीट दाबली होती ना? की तो सुट्टीनंतरचा पेंगुळलेला सोमवार होता?

आवाजानं तोर्डिस बाहेर आली. झोपायच्या झग्यावर कोट, पायात रबरी बूट.

“हाल्वर? वर काय करतोयस?”

“तपासणी.”

“रविवारी?”

“कारखाना... काळजी घेतो.”

“आणि ती बाई कोण?”

“तू.”

तोर्डिसनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग म्हणाली, “तुला तर स्टुलावर चढवत नाही.”

“कोण म्हणतं?”

“अरे, मला माहीत नाही होय? माझ्याकडचा दिवा बदलताना स्टुलावर मी चढते, आणि डोळे तू मिटतोस.”

“तोर्डिस, शिडी लाव गं. पाया पडतो.”

“पडू नकोस. आहेस तिथंच बस,” ती म्हणाली आणि तिनं शिडी उचलली.

ओढ्यापलीकडच्या खिडकीतून शेजारीण बोर्गिल हे सगळं पाहत होती. ऐकू काही येत नव्हतं, पण बोर्गिलला त्याची कधी अडचण पडली नाही. वर एक पुरुष कुणाला तरी कवटाळून बसलाय, खाली एक बाई तोंड वर करून उभी, आणि बराच वेळ बोलणं चाललंय. चर्चची घंटा वाजेपर्यंत गोष्ट तयार होती.

पुढच्या शनिवारी तोर्डिसनं सुतारांना मटण-कोबी आणि हवी तेवढी बियर दिली. स्टेनारनं आढ्यावर कडं बांधलं. पानगळीत लग्न झालं. हाल्वर अजूनही लोकांना सांगतो, उडी टाकायची आपली पूर्ण तयारी होती म्हणून.

खरं एवढंच, की त्याला फक्त खाली उतरायचं होतं. मागणी तोर्डिसनं घातली, आणि तो हो म्हणेपर्यंत शिडी लावली नाही.