एकशे बारावी पट्टी

दशरथ मेस्त्री गिरणीत सुतार होता. गिरणी म्हटलं की लोकांना माग आठवतात, पण पेट्या, दारं, साहेबांची टेबलं करणारं एक सुतारखातंही तिथं असे. त्यात त्यानं अठरा वर्षं काढली. ब्याऐंशीच्या संपात ते गेलं. वाकोल्याची खोली, बायको विमला आणि रंधा-पटाशीची पिशवी एवढं उरलं. काम मागायला जाणं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून विद्याधर कर्णिक स्वतः दारात आले, तेव्हा काम काय आहे हे न विचारताच तो हो म्हणाला.

कर्णिक अंधेरीचे, विमानांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी परदेशातून एका विमानाचे सुटे भाग मागवले होते. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढंच, हौसेनं उडवायचं आणि आपल्या हातानं जोडायचं विमान. मरोळच्या एका शेडमध्ये सात पेट्या येऊन पडल्या होत्या, आणि त्यांतल्या पाचांत लाकूड होतं.

“लाकडाचं इमान?” दशरथनं विचारलं.

“होडी नसते लाकडाची?”

“होडी बुडाली तर पोहूक येता, साहेब.”

कर्णिक खळखळून हसले. तिथून दोघांचं जमलं.

त्या कामाला खिळे नव्हते. सगळा भरवसा सरसावर. दोन डब्यांतला सरस तराजूत तोलून मिसळायचा, लावायचा आणि जोड दाबून धरणारे शिकंजे कसायचे. कर्णिकांचा एक नियम होता. जेवढ्या वेळा सरस मिसळला जाईल, तेवढ्या वेळा त्यातल्याच उरलेल्या सरसानं दोन छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यावर क्रमांक आणि तारीख घालायची. दुसऱ्या दिवशी ती जोडपट्टी पकडीत धरून हातोडीनं मोडायची. लाकूड फाटलं तर सरस उत्तम. सांधा उकलला, तर त्या सरसाचं सगळं काम कापून टाकायचं. पट्ट्या दशरथ बनवी, मोडत कर्णिक.

चौऱ्याऐंशी सालच्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी पंखाच्या मुख्य वाशाचा सांधा चिकटवायचा होता. दोन तुकडे सांधून केलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तो एकच वासा. सगळं विमान त्यावर तोललेलं. संध्याकाळी कुर्ल्याहून गावची एस.टी. होती, विमला मखराचं सामान घेऊन थेट तिथं येणार होती. दशरथनं सांधा नीट बसवला, शिकंजे कसले, घड्याळ पाहिलं आणि निघाला. बस पनवेलला पोचल्यावर त्याला आठवलं. पट्टी केलीच नव्हती.

बारा दिवसांनी परत आला. कर्णिकही बाहेरगावी होते, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. खरं सांगायचं तर तेवढंच सांगायचं होतं: राहून गेलं, साहेब. पण कर्णिक सगळ्यांना सांगत, “माझ्या मेस्त्रीला एकदा सांगितलं की झालं.” ते वाक्य दशरथला गिरणीच्या पगारापेक्षा मोठं वाटे. त्यानं ताजा सरस मिसळला, पट्टी चिकटवली, आणि तिच्यावर एकशे बारा क्रमांक आणि मागची तारीख घातली.

कर्णिकांनी ती मोडली. लाकूड फाटलं.

“झकास,” ते म्हणाले.

शहाऐंशीच्या डिसेंबरात विमान जुहूहून उडालं. खाली उतरताच कर्णिकांनी शेजारची जागा थोपटली. “ये रे, पहिला मान तुझा.” दशरथनं कान दुखत असल्याचं सांगितलं. पुढच्या वेळी पोट. शेडवर राखण करणारा गुणाजी त्याच्याच गावचा. तो सोडतोय थोडाच? “काय रे मेस्त्री, तूच केलंस आनि तूच बसाक भियातंस?” लोक हसले. दशरथही हसला. आपण भित्रा ठरलो याचं त्याला जवळजवळ बरं वाटलं. त्यात निदान खोटं सापडत नव्हतं.

वर्ष सव्वा वर्ष विमान व्यवस्थित उडत राहिलं. सांधा चांगलाच असणार, असं दशरथ स्वतःला समजावी.

मग अठ्ठ्याऐंशीत कर्णिक नवे नकाशे घेऊन आले. त्याच विमानाची वेगवान आवृत्ती निघाली होती. इंजिन दीडपट ताकदीचं, पंख दोन्ही टोकांना आखूड, वेग कितीतरी जास्त.

“वासा?” दशरथनं विचारलं.

“तोच राहणार. पण आता त्याच्यावर खूप जास्त ताण येईल.” कर्णिक खुशीत होते. “अनुपमाला लायसन मिळालंय. पहिल्या दिवशी ती माझ्या शेजारी बसेल.”

अनुपमा त्यांची मुलगी. शेडमध्ये आली की दशरथच्या डब्यातलं सोलकढीचं भांडं आधी उघडायची.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ताटातला भात तसाच राहिला. विमलानं विचारलं, “काय झाला तुमका?” त्यानं सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “माझ्याच सामानाची घाई होती ना तेव्हा?”

“तुझो काय दोष नाय गो. बस चुकली असती तर दुसरी होती.”

“मग जावा आनि सांगा. माका सांगून काय उपयोग?”

कर्णिक नकाशा पसरून बसले होते. दशरथ उभ्यानंच बोलला. त्याला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

“साडेतीन वर्षं,” ते म्हणाले. “मी अनुपमाला घेऊन त्यातून पुण्याला जाऊन आलो.”

“होय, साहेब.”

“आणि बाकीच्या पट्ट्या? त्या खऱ्या कशावरून?”

बाकी सगळ्या खऱ्या होत्या, पण ते सांगणारा दशरथच होता.

सांधा उघडून पाहायचा म्हणजे वासाच तोडावा लागणार. उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते, म्हणून कर्णिकांनी पंख उलटा करून लाकडी घोड्यांवर ठेवला आणि वेगवान विमानात येईल तेवढा भार रेतीच्या पिशव्यांनी द्यायचं ठरवलं. पंचवीस किलोच्या नव्वद पिशव्या. दशरथनं त्या स्वतः भरल्या, स्वतः शिवल्या. कोणी मदतीला आलं तर नको म्हणाला. कर्णिक त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि आता “तुम्ही” म्हणत होते.

साठाव्या पिशवीला पंखाची टोकं दिसण्याइतकी झुकली. सत्तराव्या पिशवीला लाकूड करकरलं, गुणाजी दोन पावलं मागं सरला. दशरथ कान देऊन ऐकत होता. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की आपण ते मोडायची वाट पाहतोय. इथं, जमिनीवर मोडलं, तर आपण वेळेवर सांगितलं असं सगळे म्हणतील. कर्णिकांची पाच वर्षांची मेहनत मोडली तरी चालेल, आपल्या सांगण्याला किंमत यावी. तो स्वतःशीच ओशाळला.

नव्वदावी पिशवी ठेवली. अर्धा तास गेला. सांधा हलला नाही.

“सुटलंस रे बाबा,” गुणाजी म्हणाला आणि चहा आणायला गेला.

कर्णिक वाशाला हात लावून उभे होते. “तुम्हाला हायसं वाटलं असेल.”

“नाय, साहेब.” दशरथचे हात रेतीनं भरले होते, ते त्यानं पुसले नाहीत. “मघाशी वाटला, मोडला तर बरा. माझी लाज झाकली जाईल.”

कर्णिकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

“हे सांगायला तू साडेतीन वर्षं नाही लावलीस,” ते म्हणाले.

मग ते पंखाच्या पलीकडच्या टोकाला गेले, कारण भार दोन्हीकडून एकदमच उतरवावा लागतो, आणि दशरथ अलीकडची पहिली पिशवी कधी उचलतो याची वाट पाहू लागले.