सूर्यभानरावांचे तीन खिळे

ताडकळसच्या हायस्कुलात कारकुनाच्या टेबलामागं, भिंतीवर एकाखाली एक असे तीन खिळे होते आणि त्यांना पोस्टकार्डं टोचलेली असत. नव्या माणसाला वाटे, सोयरिकीची पत्रं असतील. एका अर्थानं होतीही.

सूर्यभानराव कारकून दर उन्हाळ्यात परराज्यातल्या सरकारी विद्यापीठांना जवाबी कार्डं पाठवत: 'गेल्या साली अर्ज किती आले, घेतले किती?' परराज्यातलीच का? तर इथली माहिती यष्टीचा कंडक्टरही देतो. आणि सरकारीच का? तर तिथं मार्क बघतात, बाप बघत नाहीत.

शंभरातले पाच घेणारं विद्यापीठ वरच्या खिळ्यावर, निम्मे घेणारं मधल्या, येईल त्याला ये म्हणणारं खालच्या. पोरांना नेम एकच, प्रत्येक खिळ्यावरच्या एकाला तरी अर्ज टाकायचा. आणि गावचं कुणी वरच्या ठिकाणी लागलं, की ते कार्ड मधल्या खिळ्यावर उतरे. "आपल्या सटवाजीला घेतलं, म्हंजे तितकं काय अवघड न्हाई."

सत्त्याहत्तर साली त्यांची सत्यशीला बी.एस्सी. झाली, एकसष्ट टक्के. एम.एस्सी.साठी त्यांनी तिचे पाच अर्ज भरले. दोन मधल्या खिळ्याचे, तीन खालच्या.

"वरचा कुठाय, बाबा?"

"काय करायचाय वरचा? एकशे ऐंशी अर्ज अन् बारा जागा."

"दुसऱ्याच्या लेकराला तर हात धरून भरायला लावता."

"दुसऱ्याच्या लेकराचं तोंड मला जेवताना समोर दिसत न्हाई."

सरजाबाई भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाल्या, "त्या पिवळ्या कार्डाचं सांगा की तिला."

सांगावं लागलं. वरच्या खिळ्यावर सगळ्यांच्या मागं त्यांचंच कार्ड होतं, सत्तावन्न सालचं. 'प्रवेश देता येत नाही.' धम्मदीक्षा घेऊन वर्षही झालं नव्हतं, घरातला पहिला बी.ए., अंगात असं वारं की एम.ए.चा अर्ज एकाच ठिकाणी टाकला, सगळ्यांत अवघड. नकार आला तोवर बाकीच्यांच्या तारखा टळल्या होत्या. मग हे टेबल, आणि टेबलामागं तीन खिळे.

सत्यशीलानं ऐकून घेतलं. "तुमचा एकच अर्ज होता. माझे पाच हायेत. सहावा गेला तर काय बिघडतंय? नेम तुमचाच हाय."

स्वतःच्या नेमापुढं कारकुनाचं काही चालत नाही. सहावा अर्ज भरला. अक्षर तेवढं नेहमीपेक्षा वाईट आलं.

जुलैत ती पाकीट घेऊन थेट हायस्कुलात आली. वरच्या खिळ्याचं होतं. घेतलं होतं तिला, बारांत बारावी.

सूर्यभानरावांनी आतलं पत्र दोनदा वाचलं. मग उठून त्या विद्यापीठाचं कार्ड वरून काढलं आणि नेमाप्रमाणं मधल्या खिळ्यापाशी नेलं. तिथं हात थांबला.

"टोचा की," सत्यशीला म्हणाली. "मला घेतलं, म्हंजे तितकं काय अवघड न्हाई."

"तू गप."

त्यांनी वरच्या खिळ्यावरची सगळीच कार्डं उतरवली, तळाचं पिवळं खिशात घातलं, आणि बाकीची होती तशी पुन्हा वर टोचली. सत्यशीलाचं सगळ्यांच्या पुढं.