डाव्या डोळ्याच्या पापण्या

माझ्या नवऱ्याला माझे सगळे दोष पाठ आहेत. रागावला की एका दमात म्हणून दाखवतो. पण हा एक त्याच्या यादीत नाही. आईच्या नाही, बहिणीच्याही नाही — कारण मी तो कधी तोंडाबाहेर काढलेलाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसले तर तेही तितकंसं सोपं दिसत नाही.

आधी माझ्या धंद्याचं सांगते. (बघा, आत्ताच टाळाटाळ सुरू झाली.)

मी नकली पापण्या बनवते. बेसा भागात आमच्या घराची पुढची खोली आहे, तिथे. नागपूरच्या उन्हात पोरी स्कूटीवर निघतात तेव्हा डोकं, नाक, तोंड, मान सगळं स्कार्फमध्ये गच्च बांधलेलं असतं. उघडे राहतात ते फक्त डोळे. मग त्या डोळ्यांची हौस करणार नाहीत तर कशाची करतील? पण बाजारात ज्या पापण्या मिळायच्या त्या म्हणजे निव्वळ खराटा. काळ्याकुट्ट, जाड, सगळ्या एका मापाच्या. शाळेतल्या बाई यायच्या, बँकेतल्या मुली यायच्या, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं — ताई, लावल्यासारख्या दिसायला नकोत.

खरी पापणी कधी जवळून बघितलीत? ती सरळ रांगेत नसते. नाकाकडे बारीक आणि विरळ, बाहेरच्या कोपऱ्याकडे लांब, मध्येच एखादा केस उगाच आखूड राहिलेला. टोकाला तर इतकी निमुळती की कुठे संपते ते कळत नाही. मला तशी हवी होती. आणि वजन अजिबात नको. कारण या पापण्या कातडीला चिकटवत नाहीत; एकेका खऱ्या केसावर एकेक तंतू गमने चिकटवतात. खऱ्या केसाला पेलेल तेवढंच ओझं त्याच्यावर टाकायचं. जास्त झालं तर तो मुळासकट निघून येतो.

हे वाक्य मी आता नवीन मुलींना शिकवताना अगदी सहज म्हणते. पेलेल तेवढंच ओझं. हे तुम्हाला कसं कळलं, ताई, असं कुणी विचारलं की सांगते — निरीक्षण. निरीक्षण! शब्द किती स्वच्छ आहे, नाही?

प्रज्ञा माझ्याकडे कामाला होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल तेव्हा. वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करायचे, घरही तिकडेच, म्हणजे रोज अख्खं नागपूर ओलांडून यायची बिचारी. पार्लरचा कोर्स झालेला, हात हलका, आणि पापण्या — काय सांगू तुम्हाला! काजळाचं बोट लावायची गरज नव्हती. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, अवं, या काय भाड्याने आणल्यास का? ती लाजून लाल झाली होती.

नवीन नमुना कुणावर तरी लावून बघावाच लागतो. एकदा नाही, पन्नासदा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांशी असा खेळ कोण करू देणार? मी प्रज्ञाला विचारलं. ती इतकी खूश झाली की मला दोनदा विचारावंही लागलं नाही. फुकटात रोज नवे डोळे मिळतात, कोण नाही म्हणेल?

या कामाचा एक साधा नियम आहे. लावलेल्या पापण्या उतरवल्या की खऱ्या पापण्यांना काही आठवडे मोकळं सोडायचं. मला माहीत होता तो, मी विसरले वगैरे नव्हते. पण लग्नसराई तोंडावर होती आणि माझं माप जमत नव्हतं. मी दर चार दिवसांनी उतरवायचे आणि नवीन लावायचे. उतरवायचं औषध लावल्यावर दहा मिनिटं थांबायचं असतं. मी चौथ्याच मिनिटाला चिमटा लावायचे. आणि फरक कळावा म्हणून उजव्या डोळ्यावर हलके तंतू लावायचे, डाव्यावर जड. एक वही केली होती. तारीख, तंतूची जाडी, आणि पुढे किती केस गळाले — उजवा एक, डावा पाच. उजवा दोन, डावा सात. माझं अक्षर चांगलं आहे. ती वही आजही कुणी उघडली तर कौतुकच करेल.

पहिल्यांदा तिच्या गालावर गळालेला केस दिसला तेव्हा ती जरा दचकली होती. मी पटकन म्हटलं, अवं, ठेव मुठीवर आणि माग काहीतरी! तुम्हीही लहानपणी केलं असेल — पापणीचा केस मुठीवर ठेवायचा, डोळे मिटून मनातल्या मनात मागायचं आणि फुंकर मारायची. उडाला तर इच्छा पुरी होणार. प्रज्ञाने डोळे मिटले, फुंकर मारली, हसली. मग तो आमचा रोजचा खेळच झाला.

"ताई, आज तीन!" ती दारातूनच ओरडायची. "तीन इच्छा झाल्या नं माझ्या!"

"काय मागितलं वं?"

"सांगितलं तं पुरं होत नाही म्हणते."

तशी मला माहीत होती तिची इच्छा. ती पोलिस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून मैदानावर धावायची, मग घरी जाऊन अंघोळ करून अकरापर्यंत माझ्याकडे. कधी कधी खुर्चीवर निजल्या निजल्या बडबडायची — किती चकरा झाल्या, किती सेकंद कमी झाले, मैदानातली कोणती पोरगी तिच्यापुढे जाते. डोळे मिटलेले, पापण्यांवर माझा चिमटा, आणि तोंड सुरू. मी म्हणायचे, हलू नको, नाहीतर आंधळी पोलिस होशील.

मग एक दिवस ती आरशापुढे बराच वेळ उभी राहिली.

"ताई, काहून गळून राहिले असतील जी इतके?"

वही माझ्या समोर उघडी होती. काय बोलायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय, मलाही कळत होतं. मी म्हटलं, "रक्त कमी असेल वं तुझं. इतकी धावतेस आणि खातेस काय? बीट खा, खजूर खा."

किती सहज निघालं तोंडातून! आणि तिने किती सहज मानलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात बीट यायला लागलं. मला वाटलं, बीट खाल्ल्याने कुणाचं वाईट थोडंच होतं?

पण पोरगी हुशार होती. आठ दिवसांनी तिने दुसरा प्रश्न विचारला. "पण मंग डाव्याचेच काहून गळून राहिले, ताई?"

खरंच, काहून? रक्त कमी असलेल्या माणसाचा एकच डोळा अशक्त होतो का? तिथे मी अडकायला हवं होतं. अडकले असते तर बरं झालं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आयत्या वेळी बरोबर सुचतं. मी म्हटलं, "डाव्या कुशीवर झोपत असशील."

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या सांगितलं, "रातभर उजव्याच कुशीवर झोपली मी, ताई. आईले सांगून ठेवलं, पलटली तं उठवजो म्हणून."

तिची आई पोरीची कूस बघायला उठत होती. मी दुपारी डावीकडे पुन्हा जड तंतू लावले, कारण वहीत एक माप तपासायचं राहिलं होतं.

तुम्हाला वाटेल, एवढंच? चार केस गळाले, पोरीने बीट खाल्लं? मीही बरीच वर्षं एवढ्यावरच थांबत आले. मनातल्या मनात कबूल करायची वेळ आली तरी इथपर्यंतच यायचे आणि परत फिरायचे. आज पुढचं सांगते.

त्यानंतर काही दिवसांनी ती म्हणाली, "रक्त कमी असलं तं धावू नये नं, ताई? आई म्हणते चक्कर येऊन पडशील."

मला फक्त "धाव" म्हणायचं होतं. एक शब्द! तो म्हटला असता तर पहिलं खोटं उघडं पडत होतं, हे खरं. पण त्याहून खरं सांगू का? ती धावायला जायची म्हणून माझ्याकडे अकराला यायची. धावली नाही तर नऊला येणार होती. लग्नसराई तोंडावर होती. हा हिशोब माझ्या डोक्यात पुरता झाला, आणि तो होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"काही दिवस थांब," मी म्हटलं. "आधी रक्त भरू दे."

ती थांबली. दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला हजर. बूट घरीच ठेवले होते, चप्पल घालून आली होती. पुढे मैदानी चाचणीची तारीख आली आणि ती गेलीच नाही. सराव तुटला होता, आणि घरच्यांनाही आता भीती बसली होती. "पुढच्या भरतीले पाहीन," म्हणाली. रडली नाही. मीच तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला. माझी माया खोटी नव्हती हो — हे मी बचावासाठी सांगत नाही. उलट मला त्याचीच जास्त लाज वाटते.

आणि त्या सगळ्या दिवसांत पापणीचे केस गळतच होते, ती मुठीवर ठेवून मागतच होती. भरती मागत होती, आणखी काय? जी गोष्ट मी तिच्याकडून काढून घेत होते, तीच ती मी गळवलेल्या केसांवर मागत होती. आणि "माग, माग" म्हणत शेजारी मीच उभी.

थंडी संपता संपता माझं माप जमलं. काय सुंदर जमलं! बायका लावून गेल्या की फोन करायच्या, ताई, लावलंय हे विसरूनच जातो आम्ही. शहरातल्या बऱ्याच पार्लरमध्ये आज माझा तो सेट जातो. प्रज्ञाचा डावा डोळा तोवर जवळजवळ उघडा पडला होता. ती तिथे पेन्सिलने रेघ ओढायची.

मिरचीचा हंगाम होता. वडिलांचा डबा द्यायला ती कळमन्याला गेली. तिथे मिरचीच्या पोत्यांची चढउतार चालू असली की चांगल्या माणसालाही ठसका लागतो. सगळ्यांचेच डोळे चुरचुरतात, पण पापण्या थोडंफार तरी अडवतात. तिच्या डाव्या डोळ्याला अडवायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून लाल, उघडेना. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "पापण्या कशाने गेल्या? डोळ्याला काही लावतेस का?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. ती संशयाने बघत होती असं मुळीच समजू नका. मोठ्या माणसाने उत्तर द्यावं म्हणून बघतात, तसं. मी खाली बघितलं. माझ्या पर्समध्ये चिमटा होता, तो मला पर्समधून हाताला टोचत होता. मग तीच म्हणाली, "रक्त कमी आहे जी माझं. म्हणून गळतात."

डॉक्टरांनी थेंब दिले आणि रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला. रक्त उत्तम होतं. इतकं चांगलं की डॉक्टर म्हणाले, या पोरीला कुणी सांगितलं रक्त कमी आहे म्हणून?

मला वाटलं, आता कळलं हिला. प्रज्ञाने रिपोर्ट दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा असा फुलला — एक डोळा पट्टीखाली होता तरी.

"ताई! बीटानं भरलं नं रक्त! तुमच्यामुळं भरलं!"

डॉक्टर हसले. मी पण हसले. त्या दवाखान्यात मी हसले, हे तुम्हाला सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्यापुढे काहीच नाही.

डोळा बरा झाला. वडिलांनी तिला हे काम सोडायला लावलं, तेव्हाही ती माझ्यापुढे अपराध्यासारखी उभी राहिली. पुढची भरती निघेपर्यंत ती हिंगण्याला एका कंपनीत लागली होती. शिफ्ट, कंपनीची बस, घरी भावांची शिक्षणं. धावणं सुटलं ते सुटलंच. डाव्या पापण्या परत आल्या, पण निम्म्याच. ती अजून उजव्या कुशीवरच झोपते. सवय लागली म्हणते.

मागच्या रविवारी सुट्टी होती म्हणून भेटायला आली होती. मी चहा केला. पिता पिता तिने एकदम बोट पुढे करून माझ्या गालावरून काहीतरी टिपलं.

"पापणी गळली तुमची," म्हणाली आणि तो केस माझ्या मुठीवर ठेवला. "मागा काही."

मी डोळे मिटले. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. ती समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी काहीही न मागता फुंकर मारली. केस उडाला.

"काय मागितलं जी?"

"सांगितलं तर पुरं होत नाही," मी म्हटलं.

ती हसली, आणि जुन्या सवयीने माझाही कप विसळायला घेऊन गेली.